फोटोवरून चावी

२ सप्टेंबर, मंगळवार

आज बिजली माझ्याशी बोलली. स्वतःहून! अकरावीला येऊन तीन महिने झाले, तोवर तिच्या लेखी मी म्हणजे भिंतीवरचं मागच्या वर्षीचं वेळापत्रक.

झालं असं की ती आणि फोटो आमच्या दुकानात आले. (फोटोचं खरं नाव वेगळं आहे, पण त्याच्या हातातून मोबाइल सुटत नाही म्हणून सर सोडून सगळे त्याला फोटोच म्हणतात.) दुकान म्हणजे काय, जिन्याखालची बोळकांडी. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला शिंपीकाका, मध्ये बाबा आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या, म्हणजे अजून खाचा न पाडलेल्या. शाळा सुटली की चार ते सात मी तिथेच असते. फोटोच्या सायकलचं कुलूप अडकलं होतं आणि बाबा बाहेर कामावर होते. मी म्हटलं, आण इकडे. दोन तारा, जरासा दाब, खटाक. फोटो ओरडला, "अकरा सेकंद!" त्याने शूटिंग केलं होतं. बिजली म्हणाली, "अगं, तू तर भलतीच पोचलेली निघालीस!"

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय गं, गालातल्या गालात हसतेयस?" म्हटलं, काही नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आमचं अकाउंट झालं. नाव ‘खटाक’. फक्त माझे हात दिसतात, चेहरा नाही, ही माझी अट. पहिल्या व्हिडिओला तीन दिवसांत नऊशे लाइक! फोटोने खाली दुकानाचं नाव टाकलं. म्हणाला, "बाबांना गिऱ्हाईक मिळेल की." आता मधल्या सुट्टीत मी त्यांच्या बाकावर बसते. मला ते ‘मास्टर’ म्हणतात. ऐकायला फार बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

बाबांना सांगितलेलं नाही. त्यांचे नियम म्हणजे दगडावरची रेघ. "चावी आण, नाहीतर दार दाखव." म्हणजे मूळ चावी हातात द्या, ती हरवली असेल तर मला तुमच्या दारापाशी न्या, शेजाऱ्यांना विचारू द्या की हे घर तुमचंच ना. तिसरा रस्ता नाही. त्यातून केलेली चावी परत देताना मुठीत झाकून देतात, जणू खाऊ लपवून देतायत. शिंपीकाका चिडवतात, "अहो, चावी देताय की लाच?" बाबा नुसते हसतात.

आज एक नर्सताई आल्या होत्या. त्यांना दाराचं कुलूप आजच्या आज बदलून हवं होतं. बोलताना सारखं मागे वळून रस्त्याकडे बघत होत्या. बाबा लगेच पिशवी घेऊन गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "नवऱ्याला सोडून आलीय. त्याच्याकडे जुन्या घराची चावी होती, इथलीही त्याने कुठून तरी मिळवली. परवा ही ड्यूटीवरून आली तर हा घरात खुर्चीवर बसलेला. कोणापाशी बोलायचं नाही." मी कशाला बोलतेय?

८ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी ताई परत आल्या, त्यांच्या आईसाठी तिसरी चावी करून घ्यायला. त्यांच्या जुडग्याला लोकरीचा पिवळा मासा आहे, स्वतः विणलेला. इतका गोड की मला राहवलं नाही. बाबा मशीनवर होते. मी काउंटरवर मोबाइल टेकवला आणि चावीवर चावी कशी उतरते ते घेतलं. शेवटी दोन्ही चाव्या शेजारी शेजारी, मागे मासा. अगदी जवळून. एकेक खाच लख्ख.

चार हजार लाइक!! बिजलीने मला सगळ्यांसमोर मिठी मारली.

एक ‘साधामाणूस’ नावाचा आहे, तो आमचं सगळं बघतो आणि फार छान लिहितो. "इतक्या लहान वयात केवढी कला." मग विचारलं, "एवढ्या कामात तुम्हाला गिऱ्हाइकं आठवतात का?" मी लिहिलं, आठवतात की! ही चावी एका नर्सताईंची. रात्रपाळी करून दिवसभर झोपतात बिचाऱ्या, म्हणून त्यांच्या आईला वेगळी चावी केली, त्यांना उठवायला नको. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. नाव-पत्ता काही सांगितला नाही मी. तेवढी अक्कल आहे मला.

१० सप्टेंबर, बुधवार

बिजलीच्या डोक्यातून एक कल्पना निघालीय.

शाळेतली कॉम्प्युटर रूम कायम बंद असते. शिपाईमामा चावी टेबलावर ठेवून पाणी भरायला जातात, तेवढ्यात तिने चावीचा फोटो काढला. आता म्हणे मी नुसत्या फोटोवरून चावी करायची. मी म्हटलं, असं होत नाही गं. ती म्हणाली, "तुला होत नाही, की बाबांना विचारावं लागेल?" फोटो म्हणाला, "मास्टर आहे ती! तिला काय अवघड?" मला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत हे कळत होतं. वर छान वारं लागतं, त्याला काय करणार.

तसा विचार केला तर जमेल. कोऱ्या चावीची रुंदी ठरलेली असते. फोटो तेवढ्या मापाचा छापला की खाचांची खोली आपोआप कळते. पुढे कानस आणि धीर.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जमली.

बाबा बाहेर असताना दोन संध्याकाळी बसून केली. पहिली फुकट गेली, दुसरी बसली. शाळा सुटल्यावर आम्ही तिघं गेलो. चावी फिरली. आत अर्धं मिनिट. बिजली सरांच्या खुर्चीत बसून गोल फिरली, पण व्हिडिओत ती पाठमोरीच आली. कशाला हात लावला नाही. बाहेर पडताना फोटोने कॅमेरा एकदम माझ्याकडे वळवला. "हे टाकू नकोस हं," मी म्हटलं. "नाही गं, आपल्यापुरतं," तो म्हणाला.

१३ सप्टेंबर, शनिवार

‘फोटोवरून चावी!’ एकवीस हजार लोकांनी बघितलं. माझा चेहरा कापून टाकलाय, शाळाही ओळखू येत नाही. तरी शिपाईमामा समोरून आले की मी खाली बघते. खाई त्याला खवखवे म्हणतात ते हेच. आज जेवले नाही, आईने कपाळाला हात लावून बघितला.

१५ सप्टेंबर, सोमवार

साधामाणूसने खाजगीत मेसेज केला. त्याची बायको माहेरी गेलीय, घराच्या दोन्ही चाव्या तिच्याकडेच राहिल्या, तिने तिकडून चावीचा फोटो पाठवलाय. तो मित्राकडे राहून कंटाळलाय. "तुमचा व्हिडिओ बघून जीव भांड्यात पडला. कराल का?" सोबत फोटो. जरा धुरकट आहे, कोपऱ्यात टेबलक्लॉथ की काहीतरी पिवळं आलंय, पण खाचा स्पष्ट आहेत. कोरी चावी आमच्याकडे आहेच, हल्ली बाबा त्याच जातीची कुलपं जास्त बसवतात.

मी लिहिलं, तुम्ही दुकानात या, बाबा घरी येऊन दार उघडून देतील. तो म्हणाला, "वडिलांना कशाला त्रास? मला तुमच्या हातची हवी." आणि चाव्या घेऊन हसणारा चेहरा.

मी नाही म्हणायचं ठरवलंय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बिजलीला सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, बरं झालं. तर भडकलीच! "आपला पहिला चाहता! माणूस घराबाहेर बसलाय आणि तुला नियम सुचतायत? या व्हिडिओला पन्नास हजार येतील. चाव्या करून लोकांना मदत करणारी मुलगी! तुला कळतंय का?"

मी म्हटलं, बाबा म्हणतात, चावी आण नाहीतर दार दाखव.

"मग बस बाबांच्या मांडीवर," ती म्हणाली, आणि फोटो हसला. तोही हसला, याचं जास्त लागलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज त्यांच्या बाकावर माझ्या जागी दुसरी मुलगी होती. मी डबा घेऊन तिथेच उभी राहिले, कोणी सरकलं नाही. बिजली तिला सांगत होती, "काही लोकांना फक्त कौतुक हवं असतं, काम नको." सगळा वर्ग ऐकत होता. मी स्वच्छतागृहात जाऊन डबा खाल्ला. खाल्ला म्हणजे झाकण उघडलं आणि लावलं.

तीन महिने एकटी बसत होते तेव्हा काही वाटत नव्हतं. आता का मेल्यासारखं वाटतंय?

शेवटी एका माणसाचं घरच तर उघडायचंय. त्याचंच घर. त्यात एवढं काय?

१८ सप्टेंबर, गुरुवार

केली आणि दिली. बाबा संध्याकाळी एका गोदामाचं शटर उघडायला गेले होते. पहिल्याच फटक्यात सुंदर उतरली, हात जणू रस्ता ओळखत होता. फोटोने सगळं घेतलं. मग पाकिटात घालून साधामाणूसने सांगितल्याप्रमाणे बसथांब्याच्या बाकाखाली चिकटवून आला. मी विचारलं, "तो दिसला का?" म्हणाला, "नाही, त्याने आधीच सांगितलं होतं, ठेवून निघून जा."

असं का सांगितलं असेल?

सकाळी ‘करते’ म्हटल्यावर बिजलीने आज माझ्यासाठी जागा धरली होती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

साधामाणूसचा आभाराचा मेसेज नाही. चावी चालली की नाही तेही नाही. काय माणसं असतात. बाबांनी विचारलं, "कोऱ्या चाव्यांतली एक कमी कशी?" मी म्हटलं, सराव करताना बिघडली. "बरं," म्हणाले. त्यांनी चटकन विश्वास ठेवला ते मला बरं वाटलं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार, सकाळी साडेदहा

घाईत लिहितेय, अक्षर असंच येणार.

आज शाळेला सुट्टी. सकाळी नऊला फोटोने नवा व्हिडिओ टाकला, ‘खटाकच्या सगळ्या चाव्या’. एकामागून एक. नर्सताईंची चावी, लगेच पुढे साधामाणूसची. मी हसत बघत होते आणि हसता हसता थांबले. परत लावला. पाच खाचा. खोल, उथळ, उथळ, खोल, मधली. दोन्हीकडे तेच. मी छापलेला कागद अजून दप्तरात होता, तो काढून ताईंच्या व्हिडिओशेजारी धरला. तो फोटो बायकोने पाठवलेला नाही. तो माझ्याच व्हिडिओतून कापून घेतलाय. कोपऱ्यातलं ते पिवळं म्हणजे टेबलक्लॉथ नाही, माशाची शेपटी आहे.

बायको माहेरी गेलीय म्हणाला. देवा.

साधामाणूसचं अकाउंट शोधलं. नाही. बंद केलंय.

बिजलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळं काढून टाक, कुणाशी एक शब्द बोलू नकोस. तोच कशावरून?" मी म्हटलं, तोच आहे. तर म्हणाली, "हे बघ, कॉम्प्युटर रूमच्या मूळ व्हिडिओत चेहरा फक्त तुझाय. तू तोंड उघडलंस तर मी सांगीन, ही चाव्या करून देते, आम्हाला काही माहीत नव्हतं. शाळा जाईल, बाबांचं दुकान जाईल. विचार कर." आवाज अगदी शांत. या मुलीच्या शेजारी बसायला मी मरत होते.

शाळेतून काढतील. बाबांच्या दुकानात परत कोण येईल? चावीवाल्याची मुलगीच चाव्या वाटते म्हटल्यावर कोण घरची चावी देईल? बाबांनी तीस वर्षं उन्हातान्हात दारोदार जाऊन हे नाव मिळवलंय. एका फोटोसाठी मी त्यांच्या तोंडाला काळं फासलं.

कदाचित तो आज येणारच नाही. कदाचित ताई घरी नसतील. सोमवारी निनावी फोन करून सांगता येईल, कुलूप बदला म्हणून. हो, सोमवारी.

चावी गुरुवारी दिली. काल शुक्रवार होता. दोन दिवस तो कशाची वाट बघतोय? ताई रात्रपाळीवरून आठला येतात. आता गाढ झोपल्या असतील. दिवसा झोपतात हे त्याला कोणी सांगितलं? मी. मीच लिहून दिलं.

दुकानात जातेय.

त्याच दिवशी, संध्याकाळ

जसं झालं तसं लिहिते.

बाबा एका पेटीचं कुलूप खोलत होते. मी एका दमात सगळं ओकले. व्हिडिओ, साधामाणूस, फोटो, पाकीट. वाटलं होतं, कानाखाली बसेल. त्यांनी एवढंच विचारलं, "कधी दिलीस?"

"गुरुवारी."

ते उठलेही होते. एका हाताने पिशवी भरत होते, दुसऱ्या हाताने ताईंना फोन लावत होते. बंद. "झोपलीय ती. फोन बंद करून झोपते," म्हणाले. शिंपीकाकांना ओरडून सांगितलं, दुकानाकडे बघा. स्कूटरवर मी त्यांना घट्ट धरलं होतं.

ताई दुसऱ्या मजल्यावर राहतात. दार बंद होतं. बाबांनी बेल वाजवली, दार ठोठावलं, "सिस्टर, मी चावीवाला!" असं कितीदा तरी म्हटलं. मी जिन्यातून खाली बघत होते. बऱ्याच वेळाने ताईंनी दार उघडलं, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. माझी पाचावर धारण बसली होती, पण त्या जिवंत आहेत हे बघून मला रडूच फुटलं.

बाबा म्हणाले, "तुमच्या चावीची नक्कल बाहेर गेलीय. चूक आमच्या घरातून झालीय. आधी कुलूप बदलतो, मग मला काय बोलायचं ते बोला." आमच्या घरातून, म्हणाले. माझ्याकडे बोट दाखवलं नाही.

ताईंनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग आत जाऊन पोलिसांना फोन लावला आणि हळू आवाजात पत्ता सांगितला.

आतून कडी नव्हती, दार नुसतं लोटून घेऊन बाबा कामाला लागले. अख्खं कुलूप काढावं लागत नाही. आतला गाभा तेवढा बदलायचा, मग जुनी चावी आत जाते पण फिरत नाही. बाबांच्या ओठांत स्क्रू, मी बॅटरी धरलेली. जुना गाभा निघाला. दाराला आरपार भोक. त्यातून जिन्यातला उजेड येत होता. मी मनात म्हणत होते, आत्ता नको, आत्ता नको. नवा गाभा बसला. शेवटचा स्क्रू बाबांनी अर्धा पिळला आणि हात वर केला. गप्प.

जिन्यात पावलं. घाई नव्हती. दारापाशी थांबली.

मग चावी आत आली. तो आवाज मी लहानपणापासून रोज ऐकते, खाचा कुलपातल्या एकेका पिनेवरून सरकत जातात. अडली नाही, खरवडली नाही, शेवटपर्यंत अलगद गेली. ती मी केली होती. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर.

फिरली नाही.

बाहेर काढली, परत घातली. आता जोरात. दार हललं. बाबांनी खांदा दाराला लावला. मीही लावला. ताई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, दोन्ही हात तोंडावर.

बाहेरून आवाज आला. अगदी मऊ. "झोपलीस का गं?"

ताई भिंतीला घसरत खाली बसल्या. तो परत म्हणाला, "आवाज न करता येणार होतो. उगाच दार अडवतेयस." आणि मग दारावर लाथ बसली. स्क्रू निखळून माझ्या पायावर पडला. दुसरी लाथ. तेव्हा बाबा असे ओरडले की मी आयुष्यात तसा आवाज ऐकला नाही, "कोण आहे रे? बाहेर या सगळे! चोर!" समोरचं दार उघडलं, वरचं उघडलं, कुणीतरी भांडं आपटलं. पावलं खाली पळाली. खालच्या मजल्यावरच्या दोघांनी त्याला फाटकात धरला. पोलीस आले तेव्हा त्याच्या एका हातात माझी चावी होती. खांद्याला पिशवी होती. पिशवीत काय होतं ते पोलिसांनी बाबांना सांगितलं, बाबांनी मला सांगितलं नाही.

मी खिडकीतून त्याला बघितलं. इस्त्रीचा शर्ट, चष्मा. खरंच साधा माणूस दिसत होता.

२२ सप्टेंबर, सोमवार

ठाण्यात जबाब दिला. आई-बाबा दोघं बरोबर. मी काहीच लपवलं नाही, कॉम्प्युटर रूमही नाही. बिजलीचं नाव घेताना जीभ अडखळली, पण घेतलं. फोटो त्याच्या वडिलांबरोबर आधीच येऊन गेला होता. शाळेने तिघांनाही घरी बसवलंय, पुढचं ठरायचंय. बिजलीने वर्गाच्या ग्रुपवर लिहिलंय की मी तिला फसवलं. पस्तीस जणांनी त्याखाली लाइकचा अंगठा टाकलाय. मोजले मी, कशाला मोजले कोण जाणे.

अधिकारी बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतली चावी टेबलावर ठेवली. "हीच का?" मी म्हटलं, हीच.

"फोटोवरून? हाताने?" त्यांना पटत नव्हतं. त्यांनी बाबांकडे बघितलं. "खरं सांगा, तुम्ही तर केली नाही ना?"

बाबांनी पिशवी उचलून उजेडाकडे धरली. बराच वेळ बघत राहिले. प्लास्टिकवरूनच खाचांवर अंगठा फिरवला. "नाही हो," म्हणाले, "माझ्याने एवढी साफ होत नाही. डोळे गेले माझे. हात चांगला आहे हिचा." आणि पिशवी हळूच परत टेबलावर ठेवली. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी कुठे बघू तेच मला कळेना.

४ ऑक्टोबर, शनिवार

दोन आठवड्यांत दुकानात गिऱ्हाईक तुरळक. शेजारपाजारच्या चौघांनी आपापली कुलपं बदलून घेतली, दुसऱ्या चावीवाल्याकडून. बाबा रोज वेळेवर दुकान उघडतात. मी जाते, पण मशीनला हात लावत नाही. मोबाइल आईकडे आहे. मीच दिला.

आज दुपारी नर्सताई आल्या. त्यांची आई बरोबर होती, ती बाहेरच उभी राहिली, आत बघितलंही नाही. मी उठून उभी राहिले. चार दिवस पाठ केलं होतं काय बोलायचं ते, तोंडातून नुसतं "ताई" निघालं.

त्या म्हणाल्या, "थांब, मला बोलू दे. त्या दिवशी तू धावत आलीस म्हणून मी वाचले. आणि तुझ्यामुळेच तो दारापर्यंत आला. घरी बसून मी दोन्हीचा विचार करते, गं. एकदा वाटतं तुला जवळ घ्यावं, एकदा वाटतं तुझं तोंड बघू नये. काय करू ते मलाच कळत नाही. म्हणून सध्या काहीच नको." मी मान हलवली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते तेवढं जमलं.

मग त्या बाबांकडे वळल्या. "काका, मी घर बदलतेय. कुठे ते सांगणार नाही. आणि तिथलं कुलूप..." त्या थांबल्या.

"दुसऱ्याकडून बसवा," बाबाच म्हणाले. "मी तेच सांगणार होतो."

त्यांनी कागद ओढला आणि कुठलं कुलूप घ्यायचं, आतून कडी किती उंचीवर लावायची, बाहेरचं बघायला दाराला भिंग कुठे बसवायचं, सगळं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. चष्मा सारखा पुसत होते. कागद देताना म्हणाले, "कुलूप तुमच्यासमोर उघडायला सांगा. सगळ्या चाव्या हातात घ्या आणि तिथून पुढे कोणाला दाखवू नका. आईला द्याल तीही झाकून द्या. आणि कधी या रस्त्याने आलात, माझ्याकडे आलात, तरी मलाही दाखवू नका."

ताईंनी कागदाची घडी घातली. "येते काका," म्हणाल्या. दोघी मायलेकी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बाबा दारात उभे होते. मग आत येऊन त्यांनी स्टूल सरकवलं आणि मला म्हणाले, "बस." मी बसले. त्या दुपारी पुढे कोणीच आलं नाही.